तिजऱ्याची पाळी

तांबडनदीच्या खोऱ्यातून वर चढणारे कार्तिकातले धुके अजून तटातल्या जंग्यांच्या भोकांतून आत शिरत होते, पूर्वेच्या डोंगररांगेमागे उजेडाची नुसती चाहूल लागली होती, आणि घोणसगडाच्या नगारखान्यात मात्र शुकशुकाट होता. थंडी असो, वारा असो, मुसळधार पाऊस असो, गेल्या साठ वर्षांत या गडावरची पहाटेची नौबत एकदाही चुकली नव्हती. आज ती चुकली. नगारखान्याच्या पायरीवर नौबत वाजवणारा गुरव तीन घोंगड्यांखाली गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, आणि त्याचे दात असे वाजत होते की तो आवाज दहा हातांवरून येणाऱ्या नरहरभट वैद्याला स्पष्ट ऐकू आला.

नरहरभटाने खाली बसून त्याची नाडी धरली. पूर्वी तो रोग्याची नाडी उपरण्याच्या पदरातून पाहत असे. गेल्या दीड महिन्यात ते सगळे सोवळे गळून पडले होते. चाळिशी ओलांडलेला, किडकिडीत अंगाचा हा ब्राह्मण स्वभावाने भित्रा होता. तोफेला बत्ती देताना कोणी दिसला की तो कानांत बोटे घालून भिंतीकडे तोंड करी, आणि गडावरचे लोक त्यावरून त्याची यथेच्छ थट्टा करीत. आता थट्टा करायला कोणी उरले नव्हते.

भाद्रपद सरता सरता पालणीकर देसायाने गडाला वेढा घातला, तेव्हा गडावर दोनशे दहा माणसांची शिबंदी होती. देसायाच्या तोफांनी त्यांतली अकरा माणसे मारली. तिजऱ्याने चौतीस नेली, आणि जी उरली त्यांतली तीन चतुर्थांश एक दिवसाआड अंथरूण धरीत होती. तिजरा म्हणजे पाळीचा हिवताप. दोन प्रहर झाले की बहुतेकांच्या पाठीच्या कण्यातून थंडी उठे. मग धडधाकट मावळा वाऱ्यावरच्या पानासारखा थरथरू लागे. घटका-दोन घटकांनी अंग तापलेल्या तव्यासारखे होई. सांज होता होता घामाच्या धारा लागत आणि माणूस पिळून टाकलेल्या फडक्यासारखा पडून राही. दुसऱ्या दिवशी तो उठून पहाऱ्यावर जाई. तिसऱ्या दिवशी, त्याच घटकेला, पुन्हा थंडी.

हे असे का होते हे त्या काळी जगात कोणालाच ठाऊक नव्हते. गडाच्या टाक्याकाठी शिबंदी झोपत होती, टाक्यावर डासांचे ढग उठत होते, त्या डासांच्या सोंडेतून माणसाच्या रक्तात नजरेला न दिसणारे जीव उतरत होते, तांबड्या रक्तकणांत शिरून वाढत होते आणि ठरल्या वेळी ते कण फोडून एकदम बाहेर पडत होते. नरहरभटाला दिसत होते ते एवढेच, की पाळी चुकत नाही. म्हणून त्याने औषधशाळेच्या भिंतीवर कोळशाने दोन याद्या काढल्या होत्या. आज ज्यांना हीव येणार ते सूर्यपाळीचे, उद्या ज्यांना येणार ते चंद्रपाळीचे. कोणत्या बुरुजावर कोणत्या दिवशी कोण उभा राहू शकेल, हे या याद्यांवरून ठरे. औषधशाळेला कुलूप असे. आतली भिंत तीनच माणसांनी पाहिली होती: वैद्याने, किल्लेदार रवळोजी शेडगे यांनी, आणि सरनौबत सुभानजी साळेकर यांनी.

गुरवाला किराइताचा काढा पाजून नरहरभट उठतो न उठतो तोच सदरेवरून बोलावणे आले.

सदरेवर रवळोजीराव लोडाला टेकून बसले होते. पन्नाशीचा हा कसलेला शिपाईगडी महिनाभरात निम्मा झाला होता. डोळ्यांत पिवळेपणा उतरला होता, आणि डाव्या कुशीत वाढलेल्या पानथरीवर, म्हणजे प्लीहेवर, त्यांनी नकळत हात ठेवला होता. बाजूला सुभानजी उभा होता. समोर शिबंदीतले पाच-सात जण होते, आणि ते सगळे वैद्याकडे पाहत होते.

"वैद्यबाबा," किल्लेदार म्हणाले, "नऊ दिवसांत गनिमाने दोनदा तटाला शिड्या लावल्या. पहिल्यांदा मधल्या बुरुजाला, दुसऱ्यांदा टाक्याच्या बाजूला. दोन्ही वेळी भर दोन प्रहरी, आणि दोन्ही वेळी नेमक्या त्याच ठिकाणी, जिथली माणसं हिवानं आडवी होती. हा योगायोग मानावा काय?"

"नाही, खावंद."

"मग गनिमाला ही पाळी सांगतं कोण?"

शिबंदीतला एक जण पुढे सरकून म्हणाला, "भिंतीवरचं लिहिणं कोणाचं हाय, ते इचारा की सरकार!"

"सबुरी," सुभानजी शांतपणे म्हणाला. "वैद्यबाबांनी आपल्या सगळ्यांना हातानं पाणी पाजलंय. त्यांच्यावर संशय कसा घ्यावा? माणूस भित्रा असतो, भयानं कधी जीभ सैल सुटते, एवढंच."

बोलणे कैवाराचे होते, पण सदरेवर ते उतरले वेगळेच. नरहरभटाला ते कळले, आणि गडाच्या पश्चिम अंगाचा तो टोकाचा कडा, ज्याच्यावरून फितुरांना लोटत, त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याने एकदा तिथे पाहिलेला माणूस खाली जाताना ओरडला नव्हता. नुसते हात हलवत होता.

"परवापर्यंत मुदत देतो," रवळोजीराव म्हणाले. "तोवर कोणी वैद्याच्या केसाला हात लावणार नाही. परवा मात्र मला नाव हवं. नाव मिळालं नाही, तर भिंतीवर ज्याचं अक्षर आहे त्याला मी जबाबदार धरीन."

दुपारी नरहरभट नेहमीप्रमाणे रोग्यांची फेरी करू लागला. पळून जायला जागा नव्हती आणि औषध देणे थांबवले तर लोक म्हणणार, पाहा, मन खातंय. फिरत फिरत तो सुभानजीच्या घरी आला. सुभानजीची बायको भाद्रपदातच तापाने गेली होती. मागे नऊ वर्षांची गोजरा तेवढी उरली होती. ती सूर्यपाळीची. आज या घटकेला ती हिवाने कुडकुडत असायला हवी होती. पण पोर अंगणात बसून सागरगोटे खेळत होती.

"गोजरे, हीव भरलं नाही?"

"नाही!" ती गरजेपेक्षा मोठ्याने बोलली. "परवाही नव्हतं भरलं."

नरहरभटाने तिची नाडी पाहिली. कपाळ गार होते, जीभ स्वच्छ होती. त्याचा काढा इतका गुणकारी नव्हता, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? "छान झालं," तो म्हणाला.

"काय?"

"छान झालं, म्हटलं."

"मोठ्यानं बोला ना वैद्यबाबा. माझ्या कानात सारख्या झांजा वाजतात. बाबांनी ती कडू भुकटी दिली तेव्हापासून. इतकी कडू! तुमच्या किराइताहून कडू!"

नरहरभट जागच्या जागी बसून राहिला. दहा वर्षांपूर्वी बांद्याच्या बाजारात एका गोमंतकी वैद्याने त्याला सांगितले होते, की फिरंग्यांचे पाद्री सातासमुद्रांपलीकडून एका झाडाची तांबूस साल आणतात. तिची भुकटी मद्यात कालवून दिली की तिजरा असा पळतो जसा कधी आलाच नव्हता. मात्र घेणाऱ्याच्या कानात आवाज घुमतात. ही साल फिरंग्यांखेरीज कोणाजवळ नव्हती. आणि फिरंग्यांचा हकीम सध्या कोठे होता, हे गडावरून रोज दिसत होते. तो खाली होता, देसायाच्या छावणीत, पांढऱ्या तंबूत.

"कोणाला सांगितलंस हे?"

"कोणालाच नाही. बाबांनी शपथ घातलीय." मग तिच्या ध्यानात आले आणि तिचा चेहरा पडला. "तुम्ही सांगाल?"

"नाही," नरहरभट म्हणाला, आणि तिथून निघाला तो जवळजवळ पळतच सदरेकडे गेला.

पण सदरेवर उशीर झाला होता. किल्लेदारांचा ताप पाळी सोडून डोक्यात चढला होता. ते पंधरा वर्षांपूर्वी मेलेल्या भावाला हाका मारत होते. गडाचा कारभार सरनौबतांकडे गेला होता. आता सुभानजीविरुद्ध तक्रार करायची, तर ती सुभानजीकडेच.

नरहरभट औषधशाळेत आला, आतून कडी घातली आणि भिंतीसमोर उभा राहिला. उद्या चंद्रपाळी. आता सगळा गड हाती आल्यावर सुभानजीने उत्तर अंगाची चोरदिंडी, तो लहानसा आडदरवाजा, आतून उघडली की गनिमाला शिडीचीही गरज नव्हती. उद्या दोन प्रहरी त्या दिंडीवर सूर्यपाळीची तीस धडकी माणसे पहाऱ्याला असणार. म्हणजे उद्या सुभानजी दिंडी उघडणार नाही. परवा उघडील, जेव्हा ती तीसही माणसे घोंगड्यांखाली असतील आणि त्यांच्या जागी कोणाला नेमायचे ते त्याच्याच हाती असेल. आणि परवाच वैद्याची मुदत संपत होती. त्याला एकाएकी रडू आले. थोडा वेळ तो रडला. मग त्याने डोळे पुसले आणि चोरदिंडीची वाट धरली.

दिंडीच्या चौकीचा नाईक भागनाक म्हणून महार होता, बापजाद्यांपासून गडाच्या पहाऱ्यावरचा. सदरेवर जे झाले ते त्याच्याही कानावर आले होते. नरहरभटाने त्याला पोरीचे कान, कडू भुकटी, पांढरा तंबू, सगळे सांगितले.

"वैद्यबाबा, ह्ये खोटं निघालं तर आपली दोघांची डोकी जातील."

"खरं निघालं तरी जातील कदाचित."

"भ्या वाटतंय?"

"फार," नरहरभट म्हणाला.

"मलाबी," भागनाक म्हणाला. "बोला, काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे, रोजच्या रिवाजाप्रमाणे, नरहरभट सरनौबतांसमोर उभा राहिला. "तिजऱ्यानं पाळी सोडली," तो म्हणाला. "दुहेरी झालाय. चोरदिंडीची माणसं काल पडली होती, ती आज पुन्हा पडणार. रात्रीपासून अंगं मोडून आलीत. आज दोन प्रहरी सगळी चौकी आडवी होईल. दुसरी माणसं नेमायला हवीत."

सुभानजीने त्याच्याकडे रोखून पाहिले. नरहरभटाने जन्मात कधी धड खोटे बोलून दाखवले नव्हते. त्याचे हात थरथरत होते, ओठ थरथरत होते, शेंडीसुद्धा थरथरत असावी.

"आपल्याला काय होतंय वैद्यबाबा?"

"मी चंद्रपाळीचा," नरहरभट म्हणाला. "आज माझाही दिवस आहे."

"जपा," सुभानजी म्हणाला. "चौकीवर दुसरी माणसं मी पाहतो."

त्याने एकही माणूस पाठवला नाही. तेव्हा भागनाकाची उरलीसुरली शंका फिटली.

दिंडीच्या आतल्या अंगाला पहारेकऱ्यांची दगडी देवडी होती. दोन प्रहरांच्या सुमारास तिथे तीस धडकी माणसे तीस घोंगड्यांखाली तलवारी छातीशी धरून पडली आणि कण्हू लागली, दात वाजवू लागली. काही जण ते इतके वाईट करीत होते, की भागनाकाने दबक्या आवाजात शिवी हासडली. नरहरभट घोंगडी घेऊन अगदी दरवाजापाशी गेला आणि उंबऱ्याला लागून आडवा झाला.

"तिथं नगा पडू," भागनाक कुजबुजला. "पयला पाय तुमच्यावरच पडंल. मागं व्हा."

"सुभानजी आला की सगळ्यात जवळचा माणूस चाचपून पाहील," नरहरभट म्हणाला. "तुमच्यापैकी कोणाच्या अंगाला हात लावला तर ते गरम लागेल, निरोगी लागेल. माझं हीव खरं आहे."

आणि खरोखरच ते आले. आधी बोटांची टोके पांढरी पडली, नखे निळसर झाली, मग कण्यातून ती ओळखीची गार रेघ वर सरकली आणि सगळे अंग तिच्या ताब्यात गेले. एरवी त्या क्षणी नरहरभट मनोमन धन्वंतरीचा धावा करी. आज तो फक्त पावलांचा आवाज ऐकत होता.

पावले आली. एकट्याचीच होती. ती देवडीत थांबली, मग हळूहळू जवळ आली. घोंगडीची कड उचलली गेली आणि एक हात नरहरभटाच्या मानेवर टेकला. त्याने डोळे उघडले नाहीत. उघडले असते, तर सुभानजीच्या चेहऱ्यावर काय आहे हे त्याला पाहावे लागले असते, आणि तेवढे धैर्य त्याच्याजवळ नव्हते. त्या हाताने घोंगडी पुन्हा नीट पांघरली. खांद्याखाली खोचलीसुद्धा.

मग अडसर सरकल्याचा आवाज झाला. दिंडी उघडली. उजेडाची एक पट्टी नरहरभटाच्या पापण्यांवर पडली, आणि खालच्या करवंदीच्या जाळीतून दगड निसटल्याचे, हत्यारे खणखणल्याचे, माणसांच्या श्वासांचे आवाज वर येऊ लागले. पहिला पाय त्याच्या पोटावर पडला. दुसरा हातावर. तिसरा, चौथा. बोटांची हाडे मोडल्याचे त्याला कळले. त्याने ओरडायचे नाही असे ठरवले नव्हते. हिवाने दातखीळ बसली होती म्हणूनच तो ओरडला नाही. पाच, सहा, सात माणसे आत आली.

"हर हर महादेव!"

भागनाकाच्या आरोळीसरशी तीस घोंगड्या एकदम उडाल्या. पुढे जे झाले ते देवडीच्या अरुंद जागेत, अर्ध्या घटकेत झाले. आत आलेल्या सात जणांपैकी एकही परत फिरला नाही. वाटेवर असलेल्यांनी वर पाहिले तो दिंडीच्या तोंडाशी सुभानजी उभा होता, हातात इशारतीचे पांढरे फडके, तलवार म्यानातच. आपल्याला जाळ्यात आणणारा हाच, अशी त्यांची समजूत झाली. देसायाच्या एका बारगिराने खालूनच भाला फेकला. तो सुभानजीच्या बरगडीत शिरला. मग भागनाकाने दिंडी लोटून अडसर घातला, आणि बाहेरच्यांच्या डोक्यांवर तटावरून धोंडे सुटू लागले.

नरहरभट सरपटत सुभानजीपाशी गेला. हीव उतरून आता ताप चढत होता. त्याला सगळे तांबूस दिसत होते.

"वैद्यबाबा," सुभानजी म्हणाला. "मी तुम्हाला कड्यावरून जाऊ दिलं असतं."

"ठाऊक आहे."

"तिच्या आईला पाहिलं होतं ना मी, शेवटच्या दिवशी. पुन्हा ते बघवलं नसतं." त्याने कमरेला बांधलेला पिशवीसारखा कसा सोडायचा प्रयत्न केला, बोटे चालेनात, तो नरहरभटाने आपल्या धड हाताने सोडला. आत तांबूस भुकटीची लहानशी पुरचुंडी होती. "तीन दिवसांची राहिलीय. पुरी घेतली नाही तर उलटतं म्हणतात. कडू लागते म्हणून थुंकून टाकते ती. गुळातून द्या."

एवढे बोलून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रवळोजीरावांचा ताप उतरला. ते शुद्धीवर आले, त्यांनी सगळी हकिगत ऐकली, भागनाकाला आपल्या हातातले कडे दिले. मग सगळ्यांना बाहेर पाठवून त्यांनी वैद्याला जवळ बसवले. नरहरभटाने पुरचुंडी त्यांच्यापुढे ठेवली आणि ती काय आहे, कोठून आली, हे सांगितले.

"किती जणांना पुरेल?"

"एकाला, खावंद. दोघांत वाटली तर दोघांनाही गुण येणार नाही."

"माझा ताप पुन्हा चढला तर?"

नरहरभटाने पुरचुंडीची गाठ पुन्हा घट्ट केली.

"पोरीचं वय काय?"

"नऊ."

रवळोजीराव खिडकीबाहेर पाहत राहिले. तटापलीकडे खोरे उन्हात चमकत होते, आणि देसायाच्या छावणीतून आज धुराच्या रेघा कमी उठत होत्या. "वैद्यबाबा," ते हळू आवाजात म्हणाले, "रणात मला कधी मरणाची भीती वाटली नाही. अंथरुणावर वाटते. फार वाटते. हे बाहेर बोलू नका." मग ते सावरून बसले. "साल पोरीला द्या. हा हुकूम मी पूर्ण शुद्धीत दिला, हे ध्यानात ठेवा. सायंकाळी ताप चढला की मी ती मागेन. आज्ञा करीन, शिव्या देईन, कदाचित पायाही पडेन. तेव्हा देऊ नका."

सायंकाळी ताप चढला. रवळोजीरावांनी साल मागितली. आधी त्यांनी किल्लेदार म्हणून आज्ञा केली. मग कडेलोटाची धमकी दिली. मग तो एकेकाळचा धिप्पाड माणूस लहान मुलासारखा हात जोडून म्हणाला, "वैद्यबाबा, थोडीशी. चिमूटभर. तुमच्या पोराबाळांची शपथ." नरहरभट फडक्यात गुंडाळलेला मोडका हात मांडीवर घेऊन, दुसऱ्या हाताने त्यांचा हात धरून बसला होता. त्याच वेळी खालच्या आळीत भागनाकाची बायको गोजराला गुळाचा खडा भरवीत होती. "संपली, खावंद," नरहरभट म्हणत होता. "होती ती संपली." असे त्याने त्या सायंकाळी किती वेळा म्हटले, ते त्याचे त्यालाच ठाऊक. तिसऱ्या दिवशी दिवस मावळताना किल्लेदार रवळोजी शेडगे गेले.

मार्गशीर्षात वेढा उठला. तिजरा तटाच्या आत थांबणारा नव्हता. नदीकाठच्या छावणीत तो केव्हाच पोहोचला होता, आणि फिरंगी हकिमाजवळची साल देसायाच्या भाऊबंदांनाही पुरली नाही. त्यांनी तंबू जाळले, तोफा चिखलात सोडल्या आणि ते निघून गेले. राजधानीहून नवा किल्लेदार आला. त्याने नरहरभटाला पालखीचा मान देऊ केला. नरहरभटाने तो घेतला नाही, आणि त्याचे कारणही सांगितले नाही. तोफेचा आवाज झाला की तो अजून कानांत बोटे घालीत असे. डाव्या हाताची दोन बोटे मात्र वाकत नव्हती.

गोजरा वाचली. तिला नरहरभटाने आपल्या घराशेजारी ठेवून घेतले. गडावर सगळ्यांना सगळे माहीत होते, पण भागनाकाने चौकीवर बजावले होते, की पोरीसमोर कोणी तोंड उघडायचे नाही. आणि ते कोणी उघडले नाही. पौषातल्या एका सकाळी नरहरभट अंगणात गुळवेल कुटत बसला असता ती येऊन समोर उभी राहिली.

"वैद्यबाबा, माझे बाबा कसे गेले?"

नरहरभटाने बत्ता खाली ठेवला. हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होते, आणि ती सदर, तो कडा, तो उंबरा, कशाचीही वाटली नसेल इतकी भीती त्याला त्या क्षणी वाटली.

"दिंडीत गेले," तो म्हणाला. "गनिमाच्या भाल्यानं."

पोरीने मान हलवली. मग तिने खाली बसून बत्ता उचलला आणि ती गुळवेल कुटू लागली.